थडी सोडलेलं नाव

लहानपणी माझी पक्की समजूत होती की भीमथडी हे महाभारतातलं प्रकरण आहे. भीम आहे म्हणजे गदा असणार, आणि थडी म्हणजे थडाथड मारण्यापैकी काहीतरी. शाळेत महाराष्ट्र दिनाला आम्ही जे गाणं म्हणायचो, त्यात भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजायची गोष्ट येते. माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण ठसक्यात ‘तट्ट्यांना’ म्हणायची. बांबूच्या तट्ट्यांना पाणी कशासाठी पाजायचं, हा प्रश्न आम्हा दोघींनाही कधी पडला नाही. गाण्यात सगळं खपतं.

आजोबा रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडलाच राहिले होते. सुट्टीत गेले की संध्याकाळी मला नदीवर न्यायचे. एकदा पाण्याच्या कडेला बसलो असताना मी विचारलं, “आजोबा, भीमाची घोडी केवढी मोठी होती हो?”

“कुठल्या भीमाची?”

“भीमथडीच्या.”

आजोबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. “ही भीमा,” रेघेच्या पलीकडे काठी दाखवून म्हणाले. मग रेघेच्या अलीकडे काठी आपटली. “ही तिची थडी. अगं, तू बसलीयेस ना, तीच भीमथडी.”

मला फार फसवल्यासारखं वाटलं. माझ्याखाली एक ओलसर दगड होता, आजूबाजूला वेड्या बाभळी, गोखरू, आणि कुणाच्यातरी म्हशी पाण्यात डुंबत होत्या. गाण्यातली गोष्ट इतकी जवळ, आणि इतकी शेणामुताच्या वासाची असेल असं मला वाटलं नव्हतं. घोडा तर एकही नव्हता. स्टेशनबाहेर टांगे होते, पण त्या घोड्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. यमुनेपर्यंत जायची त्यांची काही तयारी दिसत नव्हती.

ती संध्याकाळ मी पुढे विसरून गेले. बऱ्याच वर्षांनी थडी हा शब्दच पुन्हा आडवा आला तेव्हा आठवली.

थडी आता एकटी फारशी भेटत नाही. ऐलथडी-पैलथडी अशी जोडीने येते, नाहीतर एखाद्या नदीच्या नावाला चिकटून. गंगथडी म्हणजे गोदावरीचा काठ, कारण नाशिक-पैठणकडच्या माणसाला गोदावरी हीच गंगा. तशीच नीरथडी. काठ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पाण्याची कड येते, आजोबांनी ओढली तशी एक रेघ. थडी म्हणजे रेघ नव्हे, पट्टा. पुराचं पाणी येऊन जातं, गाळ सोडतं, त्यावर हरळी माजते, पुढे काळं रान लागतं, त्या रानात ज्वारी. हा सगळा मुलूख थडीत येतो. पाण्यापासून किती लांब गेलं की थडी संपते, हे कुणी मोजलेलं नसावं. नदीच्या नावाने जिथवर माणसं स्वतःची ओळख सांगतात, तिथवर थडी.

भीमा उगवते भीमाशंकरला. तिथं धो धो पाऊस. पण ती डोंगर उतरून पूर्वेला आली की आभाळ कोरडं होत जातं, आणि दौंड-इंदापूरकडे येईपर्यंत पावसाची भीक मागायची पाळी येते. म्हणजे इथलं पाणी दुसऱ्यांच्या पावसाचं. रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत ही बाई सुमारे ८६१ किलोमीटर चालते, मध्ये पंढरपूरला नाव बदलून चंद्रभागा होते. घोड्याच्या दृष्टीने मात्र हा विचित्र हिशेब फायद्याचा ठरला. पायाखालची जमीन कोरडी आणि कठीण, त्यामुळे खूर मजबूत. प्यायला नदी, चरायला थडीची हरळी, आणि कडब्याला तोटा नाही. कोकणात किंवा मावळच्या चिखलात पावसाळाभर घोडा उभा करा, मग कळतं थडीचं मोल.

घोडा मूळचा इथलाच असंही नाही. बहामनी काळापासून चौल-दाभोळच्या बंदरांत अरबस्तान-इराणकडचे घोडे उतरत होते, घाट चढून दख्खनच्या दरबारांत येत होते. इथली लहान चणीची, काटक तट्टं आधीपासून होती. दोन्हींच्या मिसळीतून जे झालं, ते थडीवर वाढलं आणि थडीचं झालं. मला या गोष्टीत सगळ्यात मजा वाटते ती शब्दांची. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, पागा हे फारसीतून आलेले. रिकीब, नाल, तबेला अरबीतून. घोड्याच्या अंगावर चढवायचे जवळजवळ सगळे शब्द बाहेरचे. रंगांचंही तेच, कुमैत काय, अबलख काय, मुश्की काय. पण हा घोडा कुठला, असं विचारल्यावर जो शब्द तोंडून निघाला तो आपला होता: थडी. सगळा साज परदेशी आणि पत्ता मराठी.

‘तट्टू’ या शब्दाची मात्र दैना झाली. भीमथडीचं तट्टू म्हणताना त्यात एक तोरा असतो, पण तोच शब्द बाकी कुठेही वापरला की शिवी होते. अडेलतट्टू. भाडोत्री तट्टू. मध्यंतरी मला वाटायचं की तटावर राहतं ते तट्टू, थडीवरचं म्हणून तट्टू. जुळतंय छान, पण पुरावा शून्य, आणि असं कानाला गोड लागणारं जुळवून टाकण्याची आपल्याला वाईट खोड आहे. तट्टू म्हणजे लहान घोडं, बस. भीमथडीची उंचीही बेताचीच, आणि नावात भीम. लहानपणी मी मनात जो घोडा रंगवला होता, त्याच्या पोटाखालून हा सहज निघून गेला असता.

पण फौजेला तोच हवा होता. उंच, देखणा घोडा दाणा मागतो, सावली मागतो, दोन दिवस उपास पडला की बसतो. हे घोडं कडबा चघळून, मिळेल ते पाणी पिऊन, डोंगरातली पाऊलवाट तुडवत दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं. शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर म्हणजे बरीचशी हीच भीमथडी. निजामशाहीच्या मलिक अंबराने मोगलांना ज्या गनिमी काव्याने जेरीस आणलं, त्या पद्धतीचा जीव घोड्याच्या काटकपणात होता. पुढे मराठ्यांनी तीच रीत कुठवर नेली ते सांगायला नको. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं, ते तोफांच्या जोरावर नव्हे, चालीच्या जोरावर. आणि चाल माणसाची नसते, घोड्याची असते.

इथे एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. फारसीत बार म्हणजे ओझं, बारगीर म्हणजे ओझं वाहणारं जनावर. म्हणजे शब्द होता घोड्याचा, चिकटला माणसाला! नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर गेल्या, तेव्हा तिकडच्या लोकांनी या स्वारांना ‘बोर्गी’ म्हटलं, आणि बंगाली आया अजूनही पोरांना त्यांचं भय घालून निजवतात. ओझ्याच्या घोड्याचं नाव दोन मुलूख ओलांडून बागुलबुवा झालं. थडीवरच्या कुठल्या बारगिराला हे सांगितलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. घोड्यांना जागेची नावं द्यायची चाल फार जुनी. संस्कृतात सैंधव म्हणजे सिंधूकाठचा, आणि हा शब्द घोड्याला चालतो तसाच मिठालाही चालतो. अर्थ संदर्भाने ठरतो हे शिकवताना शास्त्री लोक हाच दाखला देत आले आहेत: जेवायला बसलेला माणूस सैंधव आण म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. अमरकोशात घोड्यांची नावं वाचावीत तर भूगोलाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. वनायुज, पारसीक, कांबोज, बाह्लिक. फारसीत ताजी म्हणजे अरबी, म्हणून अरबी घोडा तो ताजी. आपल्याकडे काठेवाडी, मारवाडी, कच्छी.

ही यादी बघता बघता माझ्या लक्षात आलं की यातलं एकही नाव त्या जागेवर राहणाऱ्या माणसाने दिलेलं असणं शक्य नाही. सिंधूच्या काठावरचा माणूस आपल्या घोड्याला सैंधव कशाला म्हणेल? तिथं सगळेच सैंधव. तो म्हणणार, काळा, पांढरा, माझा, मामाचा. घोडा बाजारात उभा राहिला, घेणाऱ्याने विचारलं ‘कुठला?’, की मग नदी त्याच्या नावात शिरते. जागेचं नाव घोड्याला लागतं ते त्याने जागा सोडल्यावर. मिठाचंही तेच. आणि माणसांची आडनावं? पुणेकर पुण्यात कुणाला पुणेकर म्हणून ओळख सांगत नाहीत (टोमणा मारायचा असेल तर गोष्ट वेगळी). माझ्या माहेरचं आडनाव एका गावावरून आहे आणि त्या गावात त्या आडनावाचं एकही घर नाही. असतं तरच नवल.

म्हणजे भीमथडी हे नाव घोड्याला थडीवर पडलं नसावं. ते पडलं असेल कुठेतरी पागेत, बाजारात, छावणीत, जिथे दहा ठिकाणची घोडी एका दावणीला उभी आहेत आणि कारकुनाला नोंद करायची आहे. आणि सौद्यात तर कुळशील बघायलाच हवं. घोडा घेताना त्याच्या अंगावरचे भोवरे बघत, कपाळ बघत, केसांची उलटी रेघ कुठे आहे का ते बघत. त्या रेघेला गोम म्हणतात. ‘खरी गोम इथेच आहे’ असं आपण बोलून जातो तेव्हा मला तरी एखादा घासाघीस करणारा शिलेदार घोड्याच्या पोटाखाली वाकलेला दिसतो. अशा माणसाला थडीचं नाव म्हणजे हमी होती. सगळं बघून झालं की शेवटी एवढंच, “भीमथडी आहे ना? मग बांधा.”

आणि गंमत बघा. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात दख्खनच्या घोड्यांसाठी नावाजलेले नदीकाठ त्याने सांगितले आहेत: गोदावरी, भीमा, नीरा आणि माण. पण त्यातले सगळ्यात चांगले, लहान पण सगळ्यात काटक, ते नीरेचे आणि माणचे, असं तो म्हणतो. मान दिला धाकट्यांना. नाव मात्र राहिलं भीमेचं.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं. नीरथडीचं तट्टू असं कुणी गाण्यात घातलं नाही. माणदेशी म्हटलं की माणसं आठवतात, मेंढरं आठवतात, घोडं कुणाला आठवत नाही. मग नकाशा काढून बसले. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरला भीमेत मिसळते. माण पंढरपूरच्या खाली भीमेतच जाते. घोड नावाची एक नदी आहे, शिरूरला जिच्यावरून घोडनदी म्हणतात, तीही भीमेलाच मिळते, आणि घोड्यांच्या लेखात तिला जागा द्यायची एवढी एकच सबब माझ्याकडे आहे. संगमाच्या पुढे पाणी कुणाचंही असो, नाव थोरलीचं. घोड्यांचंही तसंच झालं असावं असं मला वाटतं. माणच्या खोऱ्यातलं शिंगरू पंढरपूरच्या बाजूने उत्तरेला गेलं की भीमथडी झालं. एकत्र कुटुंबात धाकट्या जावांनी केलेला स्वयंपाक थोरलीच्या नावावर खपतो, त्यातलाच प्रकार.

त्या नकाशाच्या नादात मी जुन्या सरकारी कागदांकडे वळले, आणि तिथे भीमथडी मला तिसऱ्यांदा भेटली. १२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, कर्जखतं आणि वह्या ओढून काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते इथून पेटले, आणि त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. या सगळ्या हकिकतीत सुप्याचा पत्ता लिहिलेला असतो: तालुका भीमथडी.

तालुका! म्हणजे हे नुसतं गाण्यातलं नाव नव्हतं. पुणे जिल्ह्याच्या यादीत जुन्नर, खेड, मावळ, हवेली, पुरंदर, इंदापूर यांच्या रांगेत भीमथडी नावाचा एक रीतसर तालुका होता. तिथे मामलेदार होता, सातबारे होते, समन्स निघत होती. आज त्याचा बराच भाग दौंड आणि बारामती तालुक्यांत गेलाय, आणि नकाशावरून भीमथडी पुसली गेली. आजोबांना हे ठाऊक असणार. त्यांच्या जन्माच्या दाखल्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे. तो दाखला आता घरात कुठे सापडत नाही.

म्हणजे घोड्याने नाव घेतलं थडीकडून, आणि थडीने ते स्वतः टाकून दिल्यावरही जपून ठेवलं. उधार घेतलेली पितळी घागर शेजारीण गाव सोडून गेल्यावर आपल्याच घरी राहावी, तसं.

पण घोड्याचे दिवसही फिरलेच. १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि ज्याच्यासाठी घोडा पोसायचा ते कामच उरलं नाही. शिलेदाराचं वतन आणि उपजीविका दोन्ही घोड्यावर. मग तो घोडा विकणार किंवा नांगराला बैल बांधणार. १८६० पर्यंत रेल्वे सोलापूरला पोहोचली. दौंडचं जंक्शन झालं, पुढे माझ्या आजोबांना तिथेच नोकरी लागली, म्हणजे एका अर्थी आम्ही घोड्याच्या पोटावर पाय देऊनच वर आलो. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे. संगमनेरकडे निमगाव पागा आहे. गावाच्या नावात पागा उरली आणि दारात मोटारसायकली.

मग कालवे आले, ऊस आला. उसाच्या रानात घोड्याला काय काम? आणि शेवटी उजनी. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमा नदीचा यशवंतसागर झाला. थडी पाण्याखाली गेली. हे मी उपमेने म्हणत नाही, शब्दशः म्हणतेय. हरळीचा पट्टा, मळईची रानं, गावठाणं, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, सगळं खाली. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. माझी एक आत्या त्या भागात दिलेली. तिचं सासरचं जुनं घर कुठे होतं ते ती पाण्याकडे बोट करून दाखवायची, पण दर वेळी बोट थोडं वेगळ्या दिशेला असायचं.

त्या सगळ्यातून घोडं वाचलं ते एकाच जमातीमुळे. धनगरांमुळे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात कापलेल्या भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची, पावसाच्या आधी परतायचं. या वाटेवर बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. पाली, भांडी, वाघरीचं जाळं, खुराड्यातल्या कोंबड्या, दोन दिवसांचं कोकरू, आणि सगळ्यात वर एखादं दोन-तीन वर्षांचं पोर झोपेत पेंगत. ज्या काटकपणासाठी फौजा या घोड्यामागे लागल्या, तोच काटकपणा इथे कामाला आला. फक्त भाल्याच्या जागी कोंबड्या. मला विचाराल तर ही बढती आहे. मारायला निघालेल्या माणसाला पाठीवर घेण्यापेक्षा पेंगणारं पोर बरं.

मध्यंतरी बरीच वर्षं जाणकार मंडळी असं धरून चालली होती की भीमथडी म्हणून वेगळी जात आता उरलेली नाही, आहेत ती नुसतीच गावठी तट्टं. मग काही लोकांनी नेट लावला, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन घोडी बघितली, मापं घेतली, रक्ताचे नमुने तपासून घेतले, आणि २०२४ च्या सुरुवातीला बातमी वाचली: भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता. काठेवाडी, मारवाडी, मणिपुरी, स्पिती यांच्या पंगतीला भीमथडीचं पान मांडलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी ते गाणं राज्यगीत झालं होतं. गंगेत घोडं न्हालं म्हणतात ते असं.

गंगेत म्हणा, पण खरं तर यमुनेत. ही मान्यता देणारी संस्था, राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो, हरियाणात कर्नालला आहे. कर्नाल म्हणजे पानिपतच्या वरच्या अंगाला. तिथून जवळच यमुनेकाठी कुंजपुरा, जे सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबर १७६० मध्ये जिंकलं. त्यानंतर पानिपतला कोंडी झाली, चारा-दाणा तुटला, आणि लढाईच्या आधीच जनावरं उपासाने मरायला लागली. थडीवरून गेलेली किती घोडी त्यात होती आणि किती परत आली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. परत आली असतील ती नाव घेऊन आली असतील. अडीचशेहून जास्त वर्षांनी त्याच यमुनेच्या खोऱ्यातल्या एका कचेरीत कागदावर शिक्का बसला की होय, ही आहेत, यांचं नाव भीमथडी. ही बातमी मी दोनदा वाचली. पुन्हा तेच: नाव मिळालं ते थडीपासून दूर, कुणातरी कारकुनाच्या नोंदीत.

मागच्या डिसेंबरात आम्ही उजनीच्या पाण्याकाठी भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो होतो. पक्षी लांब होते, दुर्बीण एकच होती आणि ती भाच्याने सोडली नाही. मी कंटाळून पाण्याच्या कडेने चालत निघाले. पुढे मेंढरांचा कळप उतरत होता, मागे तीन घोडी. दोन लादलेल्या, एक मोकळी, कुमैत रंगाची, कपाळावर चांदवा. तिच्यामागून एक म्हातारबाबा येत होते, डोईला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात चक्क मोबाइल.

मी म्हटलं, “बाबा, घोडी छान आहे. काय म्हणता हिला?”

“घोडी,” बाबा म्हणाले.

“नाही, म्हणजे नाव काही?”

“चांदी म्हणत्यात पोरं.”

“जात कुठली?”

बाबांनी मला नीट बघून घेतलं. शहरातून आलेल्या बायकांना काय काय विचारावंसं वाटतं याचा त्यांना अनुभव असावा. “आमच्याच वाड्यावरची हाय. हिची आय बी हितंच हुती, तिची आय बी.”

“म्हणजे भीमथडी,” मी म्हणाले. मला फार ज्ञान दिल्यासारखं वाटलं असणार, कारण पुढे मी कर्नालचं, मान्यतेचंही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“भीमथडी व्हय,” ते म्हणाले, आणि हातातल्या काठीने पाण्याकडे दाखवलं. लांब, मध्यावर, जिथे आता रोहित उभे होते त्याच्याही पलीकडे. “ती थितं हुती.”

मी त्या दिशेला बघत राहिले. काठीच्या टोकापुढे नुसतं करडं पाणी. घोडी तोवर कडेला जाऊन मान खाली घालून उभी होती. कडेचं पाणी हिरवं, दाट, पुण्या-चिंचवडचा सगळा मैला पोटात घेऊन आलेलं. त्यावर साय धरली होती. तिने नाकपुड्या फुलवल्या, वास घेतला, फुरफुरली आणि मान वर केली.

“तहान लागलीय का तिला?” मी विचारलं.

“लागलीया की. पर हितलं न्हाय पीत ती,” बाबा म्हणाले, आणि तिच्या गळ्यातली दोरी हातात घेतली. “फुडं एकाची बोर हाय, थितं पाजतो.”